पाच रिकामे डबे

मॅट्रिक होईपर्यंत आमच्या घरी भाकरी मीच थापत असे. आता हे सांगताना काही वाटत नाही, त्या वयात फार वाटायचं. आईच्या दोन्ही हातांना सांधेवाताने धरलं होतं. सुरुवातीला बोटं सकाळी आखडत आणि ऊन वर आलं की मोकळी होत. पुढे ती मोकळी होईनाशी झाली. वडील गेले त्या वर्षी तर बोटं आत वळून तशीच राहिली. पिठावर तळहात टेकत नसे, सांडशी धरता येत नसे. एकदा तवा उतरवताना सांडशी निसटली आणि तिचा पाय भाजला. त्यानंतर मी तिला चुलीपुढे बसू दिलं नाही.

ती बाजूला पाटावर बसायची आणि तोंडाने स्वयंपाक करायची. "पानी कमी घाल. कडा फाटी ऱ्हायनात." मी पाणी कमी घालायचो. शेजारच्या बायका ओट्यावरून डोकावत. त्यांतली एक दर चार दिवसांनी आईला म्हणायची, "आते याले सासरी धाडा, शिकी गया तो." आई हसायची. मी धुरात मान खाली घालून बसायचो.

नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. गावात हायस्कूल होतं, पण कॉलेज नव्हतं. मॅट्रिक पास झालेला आमच्या कुळातला मी पहिला. आळीत राहणारे आमच्या शाळेतले गुरुजी निकालाच्या दिवशी स्वतः घरी आले. जळगावच्या कॉलेजात अर्ज त्यांनीच भरून दिला, फीमाफीची सोय त्यांनीच पाहिली. त्यांचे उपकार मी जन्मभर मानत आलो आहे. पण त्यांनाही एक प्रश्न सुटत नव्हता. मी गेलो तर आईला जेवायला कोण घालणार?

बहीण कोरीटला दिली होती, नंदुरबारपासून फार लांब नाही. पण लेकीच्या घरचं अन्न आई खात नसे. भेटायला गेली तरी पाणी पिऊन परतायची. मामा कळसाडीला होते. त्यांनी मनापासून बोलावलं. आई म्हणाली, भाऊ बोलावतो म्हणून मी दोन दिवस जाईन, पण भावजयीने आयुष्यभर भरवायचं हे मला जमणार नाही. शिवाय तिचा एक हिशेब होता, तो तिने फक्त मला सांगितला. "मी कळसाडीले गऊ, मंग सुट्टीमा तू कोन्हा घर येशी?"

डब्याची कल्पना गुरुजींची. स्टेशनच्या रस्त्याला एका बाईंची खाणावळ होती. तापीकाठच्या गावातलं गुजर शेतकऱ्याचं घर सोडून त्या नवऱ्याबरोबर शहरात आल्या होत्या आणि नवरा गेल्यावर खाणावळ त्यांनी एकटीने चालवली होती. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांचे डबे रेल्वेच्या बाबूंकडे, कचेरीतल्या कारकुनांकडे, बदलून आलेल्या मास्तरांकडे जात. म्हणजे ज्यांच्या घरी बाई नाही त्यांच्याकडे. ज्या घरात चूल आहे आणि चुलीशेजारी बाई बसलेली आहे, त्या घरी डबा जाणं आमच्या आळीने पाहिलेलं नव्हतं. आईने विचार करायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "येऊ दे." मामांनी डब्याच्या पैशांऐवजी खाणावळीत दादर ज्वारी आणि तूर पोचवायचं कबूल केलं. मी पेटी घेऊन जळगावला गेलो.

दहा-बारा दिवसांनी गुरुजींचं कार्ड आलं. मजकूर चारच ओळींचा होता. डबा चार दिवसांपासून बंद आहे, कारण कळत नाही, आमच्या घरून वाटी पाठवली तर आई जेवण झालं म्हणतात, फुटाणे आणि दुधावर असाव्यात असा संशय आहे, जमेल तेव्हा येऊन जा.

मी कार्ड दोनदा वाचलं आणि पेटी भरायला घेतली. धोतरं, वह्या, आणि नंतर पुस्तकंही. खोलीतल्या सोबत्याने विचारलं, पुस्तकं कशाला नेतोस? मी पेटीची कडी लावली. दोन दिवसांसाठी जाणारा माणूस पुस्तकं नेत नाही हे मला कळत होतं.

गाडी दुपारी पोचली. आई दारात बसली होती. मला पाहून तिने आधी पेटीकडे पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. मी आत गेलो, चूल पेटवायची म्हणून पिठाचा डबा शोधायला लागलो, तेव्हा फडताळाच्या खालच्या खणात मला ते दिसले. पाच डबे. खाणावळीचे, पितळी, तीन-तीन कप्प्यांचे, एका ओळीत. राखेने घासून लख्ख केलेले. त्या हातांनी ते कसे घासले असतील हा विचार माझ्या मनात लगेच आला नाही, नंतर आला. मनगटाने दाबून आणि गुडघ्यात धरून, असं तिनेच पुढे सांगितलं.

"माय, हाई काय शे?"

"डबा."

"दखास ते. परत का नही धाडा?"

तिने डब्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "रिकामं भांडं कसं धाडू?"

आमच्याकडे शेजारून वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. काही नसलं तर गुळाचा खडा, तोही नसला तर मूठभर दाणे, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. रिकाम्या भांड्याने दोन्ही घरचं रितं होतं असं आमच्या बायका मानत. मी लहानपणापासून असल्या वाट्या पोचवल्या होत्या. पण खाणावळीचा डबा ही शेजारणीची वाटी नव्हे, हे सांगण्याची गरज पडेल असं मला वाटलं नव्हतं. डबा सुरू करताना मी तिला कडी कशी उघडायची ते दाखवलं होतं. डबा परत कसा करायचा ते सांगितलं नव्हतं.

"माय, ती खानावळ शे. तठे कोन्ही काही भरी धाडत नही."

"तठे नही ऱ्हाई. आठे ऱ्हास."

"मंग गूळ टाकाना व्हता."

"गूळ फोडाले हात लागतस." तिने हात मांडीवर ठेवले होते, ते पदराखाली घेतले. "बरनीनं झाकन उघडत नही. काय भरू मी?"

डबा आणणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना ती रोज सांगायची, उद्या घेऊन जा. ते निमूट जायचे. पाच डबे अडकल्यावर मावशींनी निरोप पाठवला, आधी डबे, मग जेवण. आईने तो निरोप ऐकून घेतला आणि कोणाला काही सांगितलं नाही. जेवण बंद झालं, तरी रिकामे डबे तिच्याने पाठववले नाहीत.

मी चार डबे दोन हातांत आणि एक काखेत घेऊन खाणावळीत गेलो. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "उनात का डबा? तुन्ही मायनी भांडास्नं दुकान टाकं का काय?"

मी त्यांना कारण सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती, आमच्या गावंढळपणाची म्हणा किंवा आईच्या हातांची. त्यांचा तांदळातला हात थांबला.

"स्टेशनना बाबू डबामा बिडीनी थोटकं टाकीसन धाडतस," त्या म्हणाल्या. "धुनं तं दूरच. अन तुन्ही माय लाजस."

मला वाटलं आता जेवण सुरू होईल, काम झालं. पण त्यांनी सूप बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, डबे उचल, परत घरी चल. मी पाचही डबे पुन्हा उचलले.

मावशी आमच्या उंबऱ्यावरच बसल्या. आई आत भिंतीला टेकून होती. दोघींनी एकमेकींना त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

"मन्हा पाच डबा धरी बठनी तू," मावशी म्हणाल्या. "बाबूलोकस्ले जेवन काय टोपीमा वाढू?"

"भराले काही सापडनं नही," आई म्हणाली.

"ते समजनं. पन जेवन कसं लागनं? का तेबी सांगाले काही नही?"

आई भिंतीपासून जरा पुढे सरकली. मग हळूच, "भाकर चांगली शे."

"अन डाळ?"

"डाळमा गूळ घालस तू."

"आम्हनाकडे घालतस."

"आम्हनाकडे पोरगं आजारी पडनं म्हंजे घालतस."

मी घाबरलो. मावशी मात्र उंबऱ्यावर आणखी नीट मांडी घालून बसल्या. आईचा आवाज मी कितीतरी दिवसांनी असा ऐकत होतो, भाकरीच्या कडा फाटल्यावर मला बोलायची तसा.

"अन फोडनीमा गोडलिंब नही," आई म्हणाली.

"बाजारमा येस तो वाळेल ऱ्हास. त्यानापेक्षा नही घालेल बरा."

आई उठली. आमच्या मागच्या अंगणात कढीपत्त्याचं, आमच्याकडच्या गोडलिंबाचं, एक झाड होतं. वडिलांनी लावलेलं. ती तिथे गेली, वाकडं बोट एका फांदीला अडकवून फांदी खाली ओढली आणि खांद्याने दाबून धरली. दुसऱ्या हाताचं वळलेलं बोट तिने काडीच्या टोकाशी लावलं आणि खाली ओढलं. सगळी पानं सरसर पदरात पडली. काडी मोकळी झाली. मग दुसरी. आम्ही सरळ बोटांची माणसं चिमटीने एकेक पान खुडतो, तिच्या बोटाने एका ओढीत काम होत होतं. तिने हे झाड पूर्वी असं ओरबाडल्याचं मला आठवत नाही. कदाचित त्या क्षणीच तिला सुचलं असेल. मी कधी विचारलं नाही.

पदर डब्यावर उपडा करून तिने वरचा कप्पा भरला आणि दोन्ही मनगटांनी डबा मावशींपुढे सरकवला. मावशींनी एक पान चुरडून वास घेतला.

"हाऊ तं ताजा शे."

"झाडनाच शे, ताजा ऱ्हाईच."

"रोज इतलाच दे. जास्त नको, झाड बोडकं व्हई." त्या उठल्या. दाराशी जाऊन वळल्या. "गूळ कमी करसू. बंद नही करनार."

संध्याकाळी डबा आला. त्याला कडी नव्हती, धुतलेल्या फडक्यात सैल गाठ मारून बांधला होता. आईने गाठ दातांनी सोडली. आत भाकरी मोडून डाळीत कुस्करलेली होती, तिला चमच्यासारखा हात करून खाता येईल अशी. मावशींनी उंबऱ्यावर बसल्या बसल्या तिचे हात नीट पाहिले होते, त्यांच्याबद्दल एक शब्द न बोलता. आई जेवली. मी समोर बसलो होतो. शेवटच्या घासाला ती म्हणाली, "अजून गोड शे." पण कप्प्यात काही उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी पेटी उचलली तेव्हा आई म्हणाली, "जड दखास. इतला पुस्तकं कसाले लई उना व्हता?"

मी म्हणालो, वाचायला.

"मंग वाचं का?"

मी नाही म्हणालो. ती स्टेशनच्या रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली.

त्यानंतर चार वर्षं सकाळ-संध्याकाळ डबा येत राहिला. गुरुजींच्या पत्रांत कधी कधी त्याचा उल्लेख असे. एकदा त्यांनी लिहिलं की गोडलिंबाला नवी पालवी नव्हती तेव्हा आईंनी तीन दिवस अंगणातली तुळस पाठवली आणि मावशींनी ती चहात टाकून बाबूंना पाजली. मी सुट्टीला घरी आलो की दारातून आत शिरण्याआधी मागच्या अंगणात जाऊन झाड बघायचो. आईचा हात पोचे तिथपर्यंत झाड नागवं असायचं आणि त्याच्या वर दाट हिरवं. खालच्या काड्या मोकळ्या दिसल्या की मला पुढचं विचारावं लागत नसे.

मी बी.ए. झालो. कागद हातात घेऊन घरी आलो तेव्हा आईने तो उलटा धरून पाहिला, मग कपाळाला लावला. त्या संध्याकाळी म्हणाली, आज डबा तू पोचव. तिने वरचा कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरला. मावशी आता थकल्या होत्या, चुलीपुढे दुसरी बाई बसायची. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी आधी डबा उघडून पाहिला.

"आज इतला का?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आते डबा बंद करशी तू. नोकरी लागी, बायको येई."

नवापूरला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी आईला विचारलं, माझ्याबरोबर चल, तिथेही घर घेऊ. तिने बाहेर झाडाकडे पाहिलं.

"अन हाई कोन खुडी?" ती म्हणाली. "मावशीनी डाळ आते कुठे खावासारखी व्हई ऱ्हायनी."

मी एकटाच नवापूरला गेलो. दर शनिवारी घरी यायचो आणि आधी मागच्या अंगणात जायचो.