मर म्हणजे झाड

माझी धाकटी जाऊ बसवकल्याणकडची, माहेर कानडी. तिचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच वयाचे. तो दोन्ही भाषांत घरभर बडबडत फिरतो, आणि माझी लेक विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्याचं कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच्या आईचा तर येतोच.

पहिलीच्या बाईंनी सांगितलं, पोरीची बुद्धी तपासून आणा. मंद निघाली तर बिदरच्या वेगळ्या शाळेत, वसतिगृहात ठेवावं लागेल. औरादहून बिदरच्या दवाखान्यात जायचं ठरलं, तर सासूबाईंनी जावेला सोबत दिलं. "तिला कानडी चांगलं येतंय," म्हणाल्या. बाजारापुरतं मलाही येतंच की. बसमध्ये लेक जाऊन तिच्या मांडीवर बसली. माझ्या पोटात तिथूनच दुखायला लागलं.

तपासणाऱ्या मॅडम कानडीच बोलणाऱ्या. बाहेर गर्दी होती. पूर्ण चाचणीला फार वेळ लागतो, आज छोटीच घेते म्हणाल्या: थोडी चित्रं, थोडे शब्द. आम्ही दोघी मागे बाकावर, गप्प बसायच्या अटीवर. चित्रातला राहिलेला तुकडा ओळखायचा होता, ते लेकीने भराभर केलं. मी मुद्दाम जावेकडे बघितलं. मग शब्द आले.

"मर अंद्रे एनु?" मॅडमनी शब्दाचा अर्थ विचारला.

लेकीने ओठ घट्ट मिटले. पुढचे शब्दही तसेच गेले. शब्दांत फारच मागे आहे, असं मॅडम म्हणाल्या. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला की हे सगळं जावेसमोर व्हावं.

जाऊ उठून लेकीजवळ गेली. "कामून बोलंनास गं?"

"मॅडम मला मर म्हनायल्यात," लेक तिच्या कानाशी लागून म्हणाली. मला ऐकू आलं.

"न्हाई गं. कानडीत मर म्हंजे झाड."

"झाड व्हय?" लेकीचं तोंड सुटलं. "झाडाखाली शेळ्या बसत्यात. वर चढता येतंय. पन उतरताना भ्या वाटतंय."

मर म्हणजे झाड, हे मलाही ठाऊक होतं. म्हणूनच पोरीला दुसरं काही ऐकू आलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

जावेने मॅडमना कानडीत समजावलं. मॅडम हसल्या नाहीत. छोट्या चाचणीवर काही ठरवायचं नाही, मराठी येणाऱ्या मॅडम असतील तेव्हा पूर्ण घेऊ, म्हणाल्या.

तशी ती घेतली. लेक आता गावातल्या आपल्याच शाळेत दुसरीत आहे. धाकटीमुळे पोर घरात राहिली, असं सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. ते खरंही आहे. पण मी हाकेच्याही अलीकडे बसलेली असताना माझ्या पोरीने आपली भीती तिच्या कानात सांगितली. जाऊ रोज सकाळी "अक्का, चा घ्या" म्हणत कप पुढे करते आणि मी घेते. तिने माझ्या लेकीला वाचवलं, एवढं मात्र मी तिला अजून माफ केलेलं नाही.