एकशे एकतीस मतं कुणाची?

निकालानंतर चौथ्या दिवशी नकाशेकाकांनी केंद्रवार मतांची यादी मिळवून आणली, तेव्हा घरात कुणालाच तिची गरज उरली नव्हती. काका विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि सपाटून पडले, एवढी माहिती सगळ्यांना पुरेशी होती. काकांनी मात्र यादी जेवणाच्या टेबलावर पसरली, चष्मा पुसला आणि एकेका ओळीखाली पट्टी सरकवत वाचायला बसले.

"तीनशे अठरा," समोरून बायको म्हणाली. "टीव्हीवर दाखवलं की. पट्टी लावून वाढणार आहेत का?"

काका हसले नाहीत. त्यांची पट्टी एका ओळीखाली थांबली होती. "आपल्या केंद्रावर नऊ. तुझ्या भावाच्या केंद्रावर एक."

"एक? तिथे तर ते दोघं नवराबायको आहेत!"

"तो प्रश्न नंतर. हे बघ, केंद्र क्रमांक दोनशे चौदा. एकशे एकतीस."

बायको उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. निवडून आलेल्या उमेदवाराला त्या केंद्रावर अठ्ठ्याऐंशी मतं होती. काकांना एकशे एकतीस. ती टेकडीपलीकडची वस्ती होती. काका तिथे कधी गेले नव्हते. तिथे त्यांचं कुणी नात्याचं नव्हतं, ओळखीचंही नव्हतं.

चौतीस वर्षं काका बांधकाम खात्यात आरेखक होते, म्हणजे नकाशे काढणारे. झालेला रस्ता सलग रेषेने दाखवायचा आणि व्हायचा असलेला तुटक रेषेने, हा त्या कामातला पहिला धडा. दर काही वर्षांनी नकाशा नव्याने निघे आणि काका जुन्या तुटक रेषा नव्या कागदावर तशाच तुटक उतरवत. सोबत टिपण जोडत की अमुक काम इतकी वर्षं रखडलं आहे. टिपण वर जाई आणि कोपऱ्यात 'पाहिले' असा शेरा घेऊन खाली येई. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सहज ती फाईल उघडली, तर टिपणांची आतली पानं एकमेकांना चिकटलेली होती. पहिल्या पानाच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं. त्या दिवशी हार आणि नारळ घेऊन ते घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "मी निवडणुकीला उभा राहतोय."

चिन्ह मिळालं इस्त्री. "जन्मात कधी हात लावला नाही तिला," एवढंच बायको म्हणाली, पण त्याआधी अर्जावर सूचक म्हणून पहिली सही तिचीच होती.

भाषण त्यांना जमण्यातलं नव्हतं. म्हणून सगळा जीव त्यांनी पत्रकात ओतला. मतदारसंघाचा नकाशा, त्यावर क्रमांक घातलेल्या चौदा तुटक रेषा, प्रत्येकीपुढे ती किती वर्षं तुटक आहे तो आकडा, आणि कोपऱ्यात इस्त्रीशेजारी काकांचा फोटो. खाली लिहिलं होतं: 'यांपैकी पाच कामे मी करून घेऊ शकेन असे वाटते. उरलेल्या नऊ कामांबद्दल मी विचारत राहीन.'

छापखानेवाल्याने कपाळाला हात लावला होता. "काका, असं कुणी लिहितं का? निदान चौदाच्या चौदा तरी म्हणा!"

"पाचच होतील," काका म्हणाले. शिवाय कागद जाड हवा आणि छपाई एकाच बाजूला हवी, म्हणजे मागची अक्षरं नकाशात डोकावणार नाहीत, हा हट्ट त्यांनी सोडला नाही. टेकडीपलीकडच्या भागाची दोन हजार पत्रकं वाटायचं काम मेहुण्याने अंगावर घेतलं होतं.

आता काकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या एकशे एकतीस जणांनी पत्रक वाचलं होतं, की नुसतं चुकीचं बटण दाबलं होतं? चुकीचं बटण असेल, तर या पत्रकाची गतही त्या चिकटलेल्या पानांसारखीच.

मेहुण्याला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "दाजी, झालं गेलं सोडा ना. रस्ता खराब आहे. तिकडची कुत्री पण वाईट आहेत."

"म्हणजे तू सगळीकडे फिरलास तर."

"फिरलो म्हणजे... हो ना. घर अन् घर."

"मग उद्या सकाळी तूच स्कूटर काढ. तुला रस्ता माहीत आहे."

स्कूटरवर मेहुणा दोनदा म्हणाला की टायरमध्ये हवा कमी वाटते. काका मागे झोळी सांभाळत बसले होते. झोळीत नेहमीप्रमाणे वही, पेन्सिल आणि मोजायची टेप. वस्तीच्या तोंडाशी शाळा लागली, दोन खोल्या आणि समोर ओटा. बाई फळा पुसत होत्या. काकांना पाहून त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"अहो, तुम्ही इस्त्री!" मग जीभ चावून म्हणाल्या, "माफ करा. म्हणजे पत्रकातले. या ना. आणि हेही आलेत की!"

मेहुणा स्कूटरचा आरसा पुसू लागला.

"यांना ओळखता तुम्ही?" काकांनी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? यांनीच तर गठ्ठे या ओट्यावर टाकले. म्हणाले, बाई, मागची बाजू कोरी आहे, मुलांना कच्च्या कामाला होईल. पाच मिनिटंही थांबले नाहीत."

काकांनी हळूच मान वळवली. "घर अन् घर?"

"दाजी, कुत्री खरंच होती," मेहुणा आरशाकडे बघत म्हणाला.

"माझ्याकडे बासष्ट मुलं," बाई सांगू लागल्या. "कागदाची कायम बोंब. मग रोज एक कागद गुणाकाराला, एक भागाकाराला. गणितं घरून करून आणायची आणि खाली आईबापांची सही. मी प्रचार केलेला नाही हं. मी फक्त भागाकार शिकवले."

काकांच्या डोक्यात हिशेब जुळला. दोन हजार पत्रकं, बासष्ट घरं, घरटी तीसच्या वर. रोज संध्याकाळी कुणीतरी तो कागद हातात घेत होतं, सही करायला पेन शोधत होतं, आणि पेन सापडेपर्यंत कागद उलटून बघत होतं.

एवढ्यात पाण्याची कळशी घेऊन चाललेली एक बाई थांबली. गुरुजनांपुढे उभं राहावं तशी नाही, भांडायला आल्यासारखी. "हेच का ते? बरं झालं आलात. तुमच्या कागदात चूक आहे."

काका ताठ झाले. "कुठे?"

"नऊ नंबर. ओढ्यावरचा पूल. तुम्ही वरच्या वळणावर दाखवलाय. तिथून कोण जातं? आमची माणसं खाली, काळ्या दगडापाशी ओलांडतात. पूल तिथे हवा."

चौतीस वर्षांत काकांच्या नकाशातली चूक कुणी काढली नव्हती. त्यांनी विचारलं, "नऊ नंबर... तुमच्या लक्षात आहे?"

"माझ्या पोरीचे भागाकार एका खेपेत बरोबर येत नाहीत. तुमचा कागद पाठ झालाय मला."

शाळेच्या बाई हसल्या. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "पण ताई, मी तर पडलो. आता मी कोण विचारणारा?"

"बाहेर पडला असाल," तिने कळशी दुसऱ्या कडेवर घेतली. "इथे तुम्हीच आलायत निवडून. आणि नऊ नंबर करून देईन असं कुठं लिहिलंय तुम्ही? विचारत राहीन, असं लिहिलंय. त्याला आमदार कशाला व्हायला लागतं?"

काकांनी झोळीतून वही काढली. तिच्यातल्या नकाशात वरच्या वळणावरच्या नऊ नंबरवर काट मारली आणि विचारलं, "काळा दगड किती लांब आहे?"

पाऊण तासाने ते ओढ्याच्या काठावर बूट काढून उभे होते, आणि मागे वस्तीतली माणसं जमली होती. टेपचं एक टोक त्यांच्या हातात होतं. दुसरं टोक धरून मेहुणा गुडघाभर पाण्यातून पलीकडे चालला होता, विजार वर खोचून.

"दाजी, पाणी गार आहे हो!"

"टेप ताणून धर," काका म्हणाले. "आणि आकडा मोठ्याने वाच. इकडे सगळ्यांना ऐकू आला पाहिजे."