बर्लिनमधलं न दाबलेलं बटण

बर्लिन मला विमानतळावरच आवडलं नाही. त्या दिवशी रविवार होता. आमच्या मुलुंडला रविवारी भाजीवाल्यापुढे उभं राहायला जागा नसते. इथे अख्ख्या राजधानीची दुकानं बंद. पाणी मागितलं तर सोड्यासारखं बुडबुड्यांचं दिलं. सिग्नल लाल, रस्ता दोन्हीकडून रिकामा, आणि धडधाकट माणसं खांबाला बांधल्यासारखी उभी. मी खुशाल रस्ता ओलांडला, तर एक म्हातारी माझ्यावर खेकसली. ही माणसं हसतानाही आधी परवानगी काढत असावीत.

परत आल्यावर हे सगळं मी सोसायटीच्या कट्ट्यावर रंगवून सांगितलं. "फुकट घर दिलं तरी राहणार नाही रे तिथे!" मित्र खो खो हसले. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. खोटं मी घरी बोललो.

बर्लिनला आमची मुलगी राहते. मरोळच्या एका बौद्ध मुलाशी तिने लग्न केलं, तेव्हा मी दारावरच्या पाटीवरून तिचं नाव काढून टाकलं. बायको मात्र तिच्याशी फोनवर बोलायची. गुडघ्यांमुळे तिला स्वतःला जाणं शक्य नव्हतं, म्हणून हट्टाने तिने मला एकट्याला पाठवलं. सोबत थालीपिठाच्या भाजणीचा डबा दिला.

"तिला काही कळवू नकोस," मी बजावलं होतं. "पोरीकडे जायला वेळ कसली ठरवायची? सरळ जाऊन बेल वाजवतो."

तिथे रस्त्यावरचाच दरवाजा बंद. भिंतीवर बटणांची रांग, प्रत्येकासमोर आडनाव. जावयाचं एकट्याचंच असेल असं धरून मी वाचत गेलो. तर वर आमचं आडनाव होतं, खाली त्याचं. मी तिचं नाव काढलं होतं, तिने मात्र आमचं तिथे लावून ठेवलं होतं. लाज वाटायला हवी होती. मला राग आला. बटण न दाबताच मागे फिरलो. डबा हॉटेलच्या खोलीत टाकून आलो.

"तीनदा बेल वाजवली," बायकोला सांगितलं. "तिने खिडकीतून बघितलं. खाली आली नाही."

त्यानंतर बायकोने मुलीचे फोन घेणं सोडलं. सहा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात घरी पुन्हा भाजणी दळून आली. डबा भरता भरता बायकोचा हात थांबला. मला ते बघवेना. सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्ही गेला होतात हे तिला माहीतच नाही?"

"नाही."

"आणि सिग्नलला थांबणाऱ्यांना हसत होतात कट्ट्यावर," ती म्हणाली. "साधं एक बटण नाही दाबता आलं तुम्हाला."

तिने पिठाचे हात पदराला पुसले, फोन उचलला, नंबर लावला आणि मला मानेनेच गॅलरी दाखवली. मी बाहेर गेलो. तिने दार आतून लावून घेतलं.