बारा फुटी आकाशातली दोन माणसं

मुकादमसाहेबांनी चपला काढल्या आणि दुकानात जमिनीवर पसरलेल्या फ्लेक्सच्या कडेकडेनं ते चालत गेले. बारा फूट बाय आठ फूट, नुकताच मशीनमधून उतरलेला. मधोमध ते स्वतः, मी कॉम्प्युटरवर चढवलेल्या फेट्यासकट. मागे धूर सोडत निघालेलं टोकदार विमान. वरच्या कोपऱ्यात उद्या साहेबांचा सत्कार ठेवणारे आणि फ्लेक्सचे पैसे देणारे घरतशेठ, साहेबांपेक्षा अंमळ मोठे. खाली शुभेच्छुकांची रांग.

"विमान देखणं आहे," साहेब म्हणाले. "कुणाचं?"

"तुमचंच, साहेब."

"माझ्या विमानात दोन माणसं बसायची. ह्यात एकच मावतो."

डिझाइनच्या कॉम्प्युटरवर आमची सौभाग्यवती बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याची तिची एक खास पद्धत आहे, ती मला कळते.

पनवेलला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. ही गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. तेव्हा गावात वाढदिवस असो की बारसं, फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालंच नाही असं समजत. धंद्याची रीत अशी, की फौजी म्हटला की विमान किंवा रणगाडा, आणि तोही इंटरनेटवर सापडेल तो सगळ्यात रुबाबदार. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण ते विमान बघतच नाही. आपलं मुंडकं केवढं आलंय ते बघतं. मुंडकं म्हणजे फ्लेक्सवरचा फोटो. खर्च करणाऱ्याचं वर आणि मोठं, बाकीची खाली ओळीत. हा नियम मोडायची हिंमत मी कधी केली नव्हती. हिंमत हा माझा विषयच नाही. दुकानात पाल निघाली तर सौ.ला हाक मारतो.

साहेब एकाहत्तरच्या लढाईतले वीरचक्रवाले. रोज दुकानावरून कोलंबी घेऊन जाणारा हा गृहस्थ मला निवृत्त शिक्षक वाटायचा. खरं काय ते शेठनं दिलेल्या मजकुरातून समजलं.

"मी पायलट नव्हतो, नेव्हिगेटर होतो. रस्ता सांगणारा," साहेब म्हणाले. "दामले विमान चालवायचा. तो वर काचेखाली, मी खाली अंधारात. बॉम्ब टाकून परत फिरलो आणि गोळा फुटला. काचा त्याच्या डोळ्यांत गेल्या. दिसेना. मला म्हणाला, तू दारातून उडी मार."

"मग?"

"त्याची खुर्ची विमानाबाहेर फेकली जाणारी होती. माझी नव्हती. मी उडी मारल्याशिवाय तो खुर्ची वापरेना. आणि आंधळ्या माणसाला सोडून मी उडी मारेना. मी म्हणे आधी तू, तो म्हणे आधी तू. दोघंही राहिलो, म्हणून विमान परत आलं. मी उभा राहून उंची सांगत होतो, वेग सांगत होतो, उजवीकडे, डावीकडे. तो ऐकून चालवत होता. उतरवलंही त्यानंच."

सौ.चा माऊस थांबला होता.

"ह्या बॅनरखाली मी एकटा बसणार नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "राग नाही, बेटा. पण त्याच्याशिवाय मी उद्या येत नाही." खिशातून त्यांनी एक फोटो काढला. काडेपेटीएवढा. विमानाच्या पंखाखाली दोन पोरसवदा चेहरे, हसणारे.

आता धंद्यातली अडचण सांगतो. लहान फोटो ताणून मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात. आम्ही त्याला 'फोटो फाटला' म्हणतो. हा फोटो फार तर ताटाएवढा झाला असता. आणि नियमानं शेठचं डोकं? दाराएवढं.

शेठला मीच फोन केला. म्हणजे सौ.नं लावून माझ्या कानाला चिकटवला. गव्हाणहून शेठ स्वतःच आले. मी सगळं सांगितलं, नेमकं डोक्याच्या मापाशी आल्यावर मला खोकला आला.

शेठनं फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. "ह्यो दुसरा कोन? जिता हाय का?"

"पुण्याला असतो," साहेब म्हणाले. "एक डोळा गेला, दुसऱ्यानं पेपर वाचतो आणि मला फोन करून भांडतो."

"मंग फोटू कशाला इस्तारताव? मानूसच आनू." शेठनं खिशातून गाडीची किल्ली काढली. "सकाली गाडी धाडतो. पुना काय, हितंच हाय."

"आणि शेठ, तुमचा फोटो…" मी म्हणालो.

"त्यांच्यापेक्षा ल्हान कर."

"ते ताटाएवढे आहेत."

"मंग मना लिंबाएवढा कर. डोकं नाय हाय का मना?"

सौ.नं रात्रीत नवा फ्लेक्स केला. खरं विमान साहेबांनी शेजारी बसून दाखवलं, बुटकं आणि जाड नाकाचं. बारा फूट निळं आकाश, मधे ताटाएवढे दोन चेहरे, खाली दोन नावं एका मापात. कोपऱ्यात लिंबू.

दुसऱ्या दिवशी लोक मंडपात शिरत आणि चेहरे नीट दिसावेत म्हणून थेट स्टेजपर्यंत पुढे येत. माझ्या कारकिर्दीत फ्लेक्स बघायला माणसं जवळ आल्याची ती एकच वेळ. पुढच्या खुर्च्या आधी भरल्या, हेही पनवेलला नवीनच.

दामलेसाहेब काळा चष्मा लावून आले. मुकादमसाहेबांनी त्यांना मिठी मारली, ती सुटेपर्यंत निवेदक तीन वेळा 'आता' म्हणाला. साहेबांनी माइकवर सगळा प्रसंग सांगितला. शाल आधी दामल्यांना घातली. मग दामलेसाहेब उठले.

"हा सांगतो, मी थांबलो," ते म्हणाले. "खोटं आहे. हा इतका बडबडत होता की मला बाहेर पडायला सवडच मिळाली नाही."

मंडप हसला. मुकादमसाहेब सगळ्यात जास्त हसले, आणि मग त्यांना रुमाल लागला. शेठ शेजाऱ्याला सांगत होते, "लिंबू दिसतंय ना? त्यो मी."

तेव्हापासून मी ऑर्डर घेताना एक प्रश्न वाढवला आहे. ज्याचा सत्कार आहे, त्याला विचारलंत का? बहुतेक वेळा गिऱ्हाईक म्हणतं, त्याला कशाला विचारायचं? मग मी सौ.ला हाक मारतो.