चपलांजवळचे अध्यक्ष

आबा आमच्या गावकीचे अध्यक्ष, पण सभेला ते बसायचे देवळाच्या उंबऱ्याशी, जिथे सगळे चपला काढतात. चपला राखायला अध्यक्ष ठेवलाय, अशी थट्टा व्हायची. आबा पान चघळत म्हणायचे, "पुढं बसलं की पुढच्यांचंच ऐकाया येतं." दिवेआगरच्या अलीकडचं आमचं गाव लहान, पण मानकरी मोठे. आधी कोणी बोलायचं यातच निम्मी सभा संपायची. आबा सगळ्यांत शेवटी बोलत, तेही थोडंच.

पालखीच्या दिवशी आमच्याकडे एकेका घराला हाक मारून नारळ देतात. नारळ घेईल तो वर्षभर गावकीत त्या घरातर्फे बोलतो. हाक नेहमी पुरुषाच्याच नावाची. वादळाने आमच्या पोफळी आडव्या केल्या आणि पुढच्या वर्षी आमचे हे गेले. त्यानंतरच्या पालखीला आमच्या घराचा नारळ घ्यायला माझे दीर नवा सदरा घालून तयार होते. गावची विहीर एका रिसॉर्टवाल्याला देण्याची बोलणी चालली होती आणि दिरांचा त्याला होकार होता. माझी नवी रोपं त्याच विहिरीवर जगत होती. नारळ दिरांकडे गेला की माझी वाडी संपली, हे मला दिसत होतं. मी खांबाआड, बायकांत उभी होते.

आबांनी हाक मारली, "सुलभा."

दिरांचा पुढे झालेला हात तसाच राहिला. विधवेच्या हाती देवाचा नारळ द्यायची रीत नाही, असं एक मानकरी म्हणाले.

"पालखीचा खांदा बदलला न्हाय तर खांदाबी सुजतो नि देवबी कलंडतो," आबा म्हणाले. "घर तिचं हाय, नारळबी तिचाच."

आता विहिरीचंही तेच बोलून टाकतील, या आशेने मी त्यांच्याकडे पाहिलं. तर म्हणाले, "मी तुज्यातर्फं बोलणार न्हाय. तुजं तू बोल." तेव्हा मला त्यांचा रागच आला. पण त्या रागातच मी सभेत बोलले, अडखळत, घाम पुसत. विहीर गावाकडेच राहिली. आज माझ्या पोफळी कौलांच्या वर गेल्यात, आणि त्यांना पाणी सोडताना आबांची आठवण आली नाही असं होत नाही.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. यंदा गावकीने हाका मारायचं काम माझ्यावर टाकलं. आबांच्या घराची पाळी आली, तेव्हा त्यांचा मुंबईहून आलेला मुलगा पुढे सरकला. मी खांबाकडे बघून हाक मारली, "काशीबाई."

आबांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकी, बायकांतून वाट काढत आल्या. मुलगा क्षणभर थबकला, मग बाजूला झाला. नारळ पदरात घेऊन काकींनी सभेवर एकदा नजर फिरवली आणि चपलांजवळ जाऊन बसल्या.