अणुवीज आणि गुरुवारची सुट्टी

आमच्या गटाची पहिली जाहीर सभा भोसरीत झाली आणि तिला माणूस आला एकच.

विषय होता अणुवीज हवी की नको. पत्रक मी लिहिलं होतं. दिल्लीतले साहेब आणि मुंबईतले तज्ज्ञ बंद खोलीत बसून आपल्या नातवंडांच्या उशाशी विष ठेवणार आणि आपल्याला विचारणारसुद्धा नाहीत, हे माझं पहिलंच वाक्य. खाली ठळक अक्षरांत : कामगार बंधूंनो, रविवारी दुपारी चार वाजता देवळामागच्या पटांगणावर या.

साडेचार वाजले तरी सतरंजीवर आम्ही पाचच जण. मी कामगारांवर मनातल्या मनात चिडायला लागले होते. एवढा जिवाचा प्रश्न, आणि यांना घरी लोळत पडायचंय. तेवढ्यात एक माणूस सायकलवरून आला. तेलकट पँट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वरच्या खिशात आमचं पत्रक.

"ताई, तुमी आज सभा लावली?"

"हो. लोकांना सवड असते म्हणून रविवार धरला."

"लोक कामावर हायेत. मीबी कामावरनंच आलो, चहाच्या सुट्टीत. भोसरीची सुट्टी गुरवारी."

"गुरुवारी का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पत्रकाकडे. "वीज पुरत न्हाई म्हणून. समद्यांनी रविवारीच बंद ठेवलं तर बाकीच्या दिवशी झेपत न्हाई. म्हणून वार वाटून दिलेत. आमच्या वाट्याला गुरवार. विजेवर एवढं मोठं पत्रक लिवलं, आन् ह्ये न्हाई लिवलं?"

मी चिंचवडमध्ये वाढलेली. गुरुवारी भोसरीकडचा रस्ता मोकळा असतो हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. तो का मोकळा असतो हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण माझ्या वडिलांच्या ऑफिसला सुट्टी रविवारची. विजेवर लोकांना शहाणं करायला निघालेल्या पाच जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं, की इथल्या माणसाचा रविवारसुद्धा वीज ठरवते. लाज वाटली. अजून वाटते.

तो मूळचा महाळुंग्याचा, राहायला भोसरीत. एका लहान कारखान्यात विजेच्या भट्टीवर होता. गिअर लालभडक तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, हे त्याचं काम. मधेच वीज गेली की अख्खी खेप भंगारात. बायको चिंचवडला शाळेत शिक्षिका.

"तिची सुट्टी रविवारी, माझी गुरवारी," तो म्हणाला. "लग्नाला सहा वर्षं झाली. दोघं मिळून सुट्टी म्हंजे गणपती, दिवाळी, न्हाईतर कुणी मेलं तर. म्हणून सांगतो ताई, मला अणुवीज पायजे. कोळशाची द्या, पाण्याची द्या, माझं काय म्हणणं न्हाई. पर ती पुरत न्हाई. मला रविवार पायजे."

मी म्हटलं, "मग गुरुवारी परत सभा घेऊ. तुम्ही हे सगळ्यांसमोर बोला."

आमच्या गटात एक दाढीवाला होता, फार वाचलेला. त्यानं मला बाजूला घेतलं. "आपल्या खर्चानं त्यांचा प्रचार करायचा का?" मी म्हटलं, "ज्याच्या आयुष्यातला दिवस विजेनं पळवला, तो बोलणार नाही तर काय तू आणि मी?"

मग त्या माणसानं जे केलं, ते आमच्या गटात आजवर कुणी केलेलं नाही. तो संध्याकाळी माझ्या घरी आला आणि म्हणाला, "तुमच्या बाजूची पुस्तकं द्या. तुमी काय बोलणार त्ये आदी कळू दे." मी दिली. इंग्रजी होती तीही नेली. भाकऱ्या थापता थापता बायको अर्थ सांगायची आणि तो वहीत उतरवून घ्यायचा. दुसऱ्या बाजूचं एकही पान मी तोवर वाचलेलं नव्हतं. पुस्तकं परत आली तेव्हा त्यांत जागोजागी कागदाचे कपटे होते, आणि शेवटच्या पानापर्यंत होते.

"वहिनी येणार ना ऐकायला?" मी विचारलं.

"गुरवारी? शाळा हाय तिची. साडेपाचला सुटती. रजा मागितली, मिळाली न्हाई."

कर्ण्याची परवानगी सहापर्यंतच होती. चारच्या आधी लोक जमणार नव्हते, कारण सुट्टीच्या दिवशी दळण, रॉकेलची रांग, सगळंच असतं. मला काही करता आलं नाही.

गुरुवारी पटांगण भरलं. तो आधी बोलला. पहिली दोन वाक्यं वहीत बघून वाचली, मग मोकळा झाला. भट्टी सांगितली, वाया जाणारी खेप सांगितली, घरातले दोन वार सांगितले. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई म्हणत्यात, सूर्य हाय, वारा हाय, गोबर गॅस हाय. चांगलंच हाय. पर माझी भट्टी नऊशे डिग्री मागती."

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, चुलीवर भाजा गिअर." सगळे हसले.

"हसू नका," तो म्हणाला. "त्यांचं ऐकायला बसलोय आपुन. आन् एक कबूल करतो. भट्टीतलं किट्ट मी रोज खरवडून काढतो. अणूचा कचरा पोरांच्या पोरांनाबी काढता यायचा न्हाई, असं त्यांच्या पुस्तकात हाय. दोनदा वाचलं. माझ्यापाशी उत्तर न्हाई. ज्येंच्यापाशी हाय, त्येंनी हितं येऊन सांगावं."

माझी सगळ्यात धारदार तलवार त्यानंच काढून सगळ्यांना दाखवली, आणि तरी स्वतःची बाजू सोडली नाही. मी आजही अणुविजेच्या विरोधात आहे. पण असा प्रामाणिक विरोधक मला कुठल्या व्यासपीठावर परत भेटलेला नाही. तज्ज्ञांमध्ये तर नाहीच.

मग मी बोलले. बरं बोलले. आता शेवटची दहा मिनिटं उरली होती आणि ठरल्याप्रमाणे ती माझी होती. त्यानंतर हात वर करून मत.

मी उठले आणि गर्दीच्या मागे ती दिसली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. पदराला खडूची पूड, काखेत पर्स, बसथांब्यापासून धावत आल्यासारखा श्वास. शेजारच्या बाईला तिनं काहीतरी विचारलं. त्या बाईनं मान हलवली, झालं की त्यांचं. ती तिथेच उभी राहिली.

मी कर्ण्यावर म्हटलं, "माझी दहा मिनिटं मी यांना देते."

दाढीवाल्यानं माझी ओढणी ओढली. "वेडी आहेस का? शेवटचा शब्द आपला होता."

तोही गोंधळला. "माझं बोलून झालं, ताई. काय राहिलं न्हाई."

"तेच बोला. पहिल्यापासून."

मी मागे बोट दाखवलं. त्यानं पाहिलं. मग माईकची दांडी दोन्ही हातांनी धरून त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी सगळं चुकलं. खेप आधी सांगितली, भट्टी नंतर. आकड्यावर अडखळला. कचऱ्याचं मात्र पुन्हा तसंच्या तसं कबूल केलं. मग "एवढंच" म्हणून मंचावरून खाली उतरायला लागला.

मागून बाईचा आवाज आला. "अहो, रविवारचं राहिलं."

पटांगण हसलं. तो अर्ध्या पायरीवर थांबला, कानापर्यंत लाल. "तुला ठावं हाय की."

"मला आहे. यांना सांगा."

त्यानं ते सांगितलं, तिच्याकडे बघत. मी मत मागायच्या आधीच पुढच्या रांगेतून हात वर जायला लागले. ते त्याच्या बाजूचे होते. मी मोजायला सुरुवात केली.