रिठ्याचं पाणी अन् निंबोळी तेल

बायकोनं अन् मी मिळून शेवटचं काय केलं, तर टोमॅटोवर फवारायला निंबोळी तेल कालवलं. नुसत्या पाण्यात ते मिसळत नाय, वर तरंगतं. म्हणून तिनं रिठ्याचं फेसाळ पाणी ओतून सारं दुधासारखं एकजीव केलं. अर्धा प्लॉट फवारला अन् ती बांधावर टेकली, ती उठलीच नाय. डॉक्टर म्हणाले, हार्ट बंद पडलं. तिला अग्नी देऊन आलो, तर नारायणगावचा मेव्हणा चारचौघांत म्हणतो, “दाजी, ताईच्या हातानं विष कालवून घेतलं तुमी!” माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, “अरे, त्या रिठ्यानं ती केस धुवायची, हेच तेल तुझ्या पोरांच्या उवांना लावायची. मेली का तुझी पोरं?” सकाळी त्याला बांधावर उभा केला, माझा सदरा काढला, पिंपातलं उरलेलं पुन्हा ढवळलं अन् उघड्या अंगानं तिचा राहिलेला अर्धा प्लॉट फवारला.